उचलून नेता येणारं घर

बार्बाडोस म्हटलं की आपल्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक १९९७ ची ब्रिजटाऊन टेस्ट, १२० करायचे होते आणि आपण ८१ ला गुंडाळले गेलो, सचिन कॅप्टन होता, रात्री जागून ज्यांनी ते बघितलं त्यांच्या घशात ते अजून अडकलेलं आहे. दुसरी जून २०२४ ची टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनल, तेच केन्सिंग्टन ओव्हल, त्यामुळे हिशोब एकदाचा मिटला असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. त्याच्या लेखी हे बेट म्हणजे ते मैदान आणि मैदानाभोवती थोडंफार पाणी. टोरांटोहून थेट विमान जातं, मार्चमध्ये आमच्याकडे रस्त्याकडेला अजून काळपट बर्फाचे ढीग पडलेले असतात, त्यामुळे जायचं की नाही यावर वाद नव्हता, राहायचं कुठे यावर होता. तो म्हणे ब्रिजटाऊनजवळ, मी म्हटलं स्पाइट्सटाऊन.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. घराच्या पुढे ऊस, मागे ऊस, लग्नाच्या तारखासुद्धा तोड कधी येणार ते बघून काढायच्या अशा घरातली मी. आणि स्पाइट्सटाऊन हे बेटाच्या वायव्येचं लहानसं बंदर एके काळी साखरेची पिंपं भरून जहाजं सोडायचं, एवढंच वाचलं होतं. तेवढ्यावर हट्ट धरला आणि जिंकला. (त्याबदल्यात ओव्हलला जावं लागलं. गेले. रिकामं मैदान बघत त्याच्या शेजारी बसले.)

बेट उत्तर-दक्षिण ३४ किलोमीटर आणि रुंदीला २३, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याहून लहान. बसस्टॉपवर फक्त दोनच पाट्या, एक ‘शहराकडे’ आणि दुसरी ‘शहराबाहेर’. शहर म्हणजे ब्रिजटाऊन, दुसरं शहर नाहीच, मग आणखी काय लिहिणार. सरकारी बस निळी, खासगी मिनीबस पिवळी, आणि तिसरी ती झेड-आर म्हणतात ती पांढरी व्हॅन, तिच्यात गाणी इतकी मोठ्यानं की छातीत हलतं आणि माणसं आपल्या वडापपेक्षा कमी नाहीत. पण बसमध्ये चढणारा प्रत्येक जण सगळ्या बसला मिळून गुड मॉर्निंग म्हणतो आणि सगळी बस उत्तर देते. दुकानातही तसंच. आधी गुड मॉर्निंग, मग काय हवं ते. सरळ ‘हे केवढ्याला’ विचारलं की समोरची बाई ऐकूच न आल्यासारखी बघत राहते, उद्धटपणा तुमचा असतो, तिचा नाही.

गाव तसं एका मुख्य रस्त्याचं. क्वीन स्ट्रीट. दोन्ही बाजूला जुनी दुमजली घरं, खाली दुकान, वर लाकडी गॅलरी थेट फुटपाथवर आलेली, खालून लोक सावलीला चालतात. भिंती कोरल दगडाच्या, हे बेटच मुळी प्रवाळाचं आहे, खणलं की पांढरा भुसभुशीत दगड लागतो आणि त्याचीच घरं, त्याचंच चर्च. काही घरांच्या वरच्या मजल्यावर झाडं उगवलीत. एक लाकडी धक्का आहे, त्यावर पोरं सूर मारतात. दुपारी दोनला रस्त्यावर कोणी नसतं, म्हणजे दोन कुत्री आणि भाजी विकणाऱ्या तीन बायका, त्यातली एक झोपलेली. पर्यटनाच्या पुस्तकांत याला शांत, निवांत वगैरे म्हणतात. मला तालुक्याच्या गावातला बंद पडलेला कारखाना आठवला, तिथेही असंच निवांत असतं. धंदा निघून गेला की गाव शांत होतं, त्यात निसर्गाचं काही कौतुक नाही.

कारण इथे एके काळी गडबड होती. इंग्रजांनी बेटावर वस्ती केली १६२७ ला, शेजारच्या होलटाऊनला. तिथल्या स्मारकावर वर्ष चक्क १६०५ कोरलंय, चुकीचं, आणि ते तसंच ठेवलंय, मला हे फार आवडलं. स्पाइट्सटाऊन हे नाव विल्यम स्पाइट नावाच्या जमीनदारावरून पडलं. आधी तंबाखू, कापूस करून बघितला, जमलं नाही, मग १६४० च्या दशकात ब्राझीलमधल्या डच मळ्यांकडून ऊस आणि साखरेची विद्या आली आणि सगळंच बदललं. जंगल एका पिढीत साफ. जेम्स ड्रॅक्स नावाच्या माणसाने पहिल्या मोठ्या मळ्यांपैकी एक उभा केला, तो ड्रॅक्स हॉल अजून आहे आणि अजून त्याच घराण्याच्या मालकीचा आहे, पावणेचारशे वर्षं झाली. स्पाइट्सटाऊनहून माल थेट इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला जायचा म्हणून गावाला ‘लिटल ब्रिस्टल’ म्हणायचे. ब्रिस्टलची जहाजं आफ्रिकेला जायची, तिथून माणसं भरून कॅरिबियनला, इकडून साखर भरून परत. २०२० मध्ये ब्रिस्टलच्या लोकांनी कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा ओढून बंदरात टाकला होता ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं असेल. ते दुसरं टोक. हे इकडचं.

आर्लिंग्टन हाऊस नावाच्या अठराव्या शतकातल्या एका अरुंद उंच घरात आता म्युझियम आहे, तीन मजले. वरच्या मजल्यावर स्टीड बॉनेट नावाच्या चाच्याची बोलणारी बाहुली बसवलीय. हा बॉनेट चांगला खातापिता मळेवाला, ऊस होता, घरदार होतं, १७१७ ला स्वतःच्या पैशाने जहाज घेतलं आणि चाचेगिरी करायला निघाला, पुढच्याच वर्षी अमेरिकेत फासावर गेला. आमच्याकडचे साखरसम्राट राजकारणात जातात, हा समुद्रात गेला. नवरा म्हणाला फरक काय, मी म्हटलं त्याला पकडला.

साखर कशी व्हायची हे मात्र वाचायची मला गरज पडली नाही, गुऱ्हाळ बघितलेल्या कुणालाच पडणार नाही. ऊस तोडला की चोवीस तासांत चरकात गेला पाहिजे, नाहीतर गोडी उतरते. इकडे चरक वाऱ्यावर चालायचे, बेटावर कधीकाळी पाचशेच्या आसपास पवनचक्क्या होत्या, आता गोल दगडी बुंधे उरलेत, शेतात, कुणाच्या अंगणात, एकाचा तर कुणीतरी हॉटेलचा बार केलाय. मॉर्गन लुईस नावाची एक तेवढी अख्खी आहे, ती १९४७ पर्यंत चालत होती. रस उकळायला तांब्याच्या काहिली, एकीपेक्षा एक लहान, रस एकीतून दुसरीत पळ्यांनी ओतत न्यायचा. सगळं ओळखीचं. एकच गोष्ट ओळखीची नव्हती. चरकाशेजारी कुऱ्हाड ठेवलेली असायची. रात्रपाळीला ऊस सारताना पेंगुळलेल्या माणसाचा हात रोलरमध्ये गेला तर चक्की लगेच थांबत नाही, म्हणून हात तोडायचा, माणूस वाचवायचा. वाचवायचा यासाठी की त्याला विकत घेतलेला असायचा.

१६६१ ला या बेटाने गुलामांसाठी जो कायदा केला तो नंतर इतर इंग्रज वसाहतींनी नमुना म्हणून वापरला. १८१६ च्या ईस्टरला बुसा नावाच्या गुलामाच्या पुढारपणाखाली बंड झालं, ऊसाचे फड पेटवले, मोडून काढलं. १८३४ ला गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा इथे ८३ हजारांच्या आसपास गुलाम होते, त्यांनाही लगेच सोडलं नाही, ‘शिकाऊ’ म्हणून आणखी चार वर्षं राबवलं. आणि ब्रिटिश सरकारने सगळ्या वसाहतींत मिळून दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, ती मालकांना. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने २०१५ ला फेडला. म्हणजे लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाच्या टॅक्समधूनही त्यातलं काही गेलं असणार, त्याला सांगितलं तर म्हणाला ‘काहीतरीच काय’, मग त्याने शोधलं आणि गप्प झाला.

आता घरांकडे येते, कारण मला खरं त्याबद्दलच लिहायचंय.

स्पाइट्सटाऊनच्या मागच्या गल्ल्यांत, आणि तिथून उत्तरेला सिक्स मेन्स म्हणून मच्छीमारांची वस्ती आहे (जुन्या तोफा किनाऱ्यावर पडलेल्या असतात आणि पोरं त्यांवर बसून मासे सोलतात) तिकडे जाताना लाकडाची छोटी घरं दिसतात. चॅटल हाऊस. दर्शनी बाजूला मधे दार, दोन्हीकडे एकेक खिडकी, अगदी सारखी, लहान मुलाने घराचं चित्र काढावं तशी. छप्पर चांगलंच उतरतं, आणि पागोळ्या बाहेर काढलेल्याच नाहीत, म्हणजे वादळात वाऱ्याला धरायला काही मिळू नये. रंग गुलाबी, फिरोजी, पिवळा. खिडक्यांना वर उचलायच्या झडपा. होलटाऊनला तर पर्यटकांसाठी याच धाटणीच्या दुकानांचा एक छोटा बाजार केलाय, तिथे मॅग्नेट मिळतात. मीही पहिल्या दिवशी फोटोच काढत सुटले, इतकी गोड दिसतात.

मग आम्ही जिच्याकडे राहिलो होतो त्या आजीबाईंनी (सत्तरीच्या, रिटायर नर्स, मला ‘डिअर’ म्हणायच्या आणि नवऱ्याला ‘इंडिया’) घराखाली वाकून बघायला सांगितलं. बघितलं. पाया नाही. नुसते कोरलचे दगड एकमेकांवर ठेवलेत, सुटे, आणि त्यावर घर टेकवलंय. उभंच केलंय असं की चार भिंती, छप्पर, जमीन सगळं सुटं करून गाडीवर घालता यावं.

त्याचं कारण त्यांनी अगदी थोडक्यात सांगितलं, जसं सगळ्यांना माहीतच असतं. १८३८ ला माणसं मोकळी झाली, पण जमीन? बेट एवढंसं, इंच न् इंच मळेवाल्यांच्या ताब्यात. जाणार कुठे. मग मळेवाले म्हणाले, रहा, मळ्याच्या कडेची खडकाळ जागा घ्या, तिथे घर टाका, मात्र काम आमच्याच मळ्यावर करायचं. १८४० ला तसा कायदाच झाला. जागा मळ्याची, घर तुमचं. मजुरीवरून वाजलं, मुकादमाशी भांडण झालं, मालकाची मर्जी फिरली, की जागा सोडा. मग माणसाने काय करावं, दगडी घर बांधावं आणि मालकाला ठेवून जावं? म्हणून मग घर असं, की ते घेऊनच निघायचं. फळ्यांचं मापसुद्धा जहाजातून यायच्या त्या लाकडाच्या मापात, कापाकापी नको, वाया जायला नको. चार पैसे जमले की मागे तसंच दुसरं घर जोडायचं, आणखी जमले की त्याच्या मागे उतरत्या छपराचं स्वयंपाकघर. बाजूने बघितलं तर घराची पैसे साठवण्याची वर्षं मोजता येतात.

आजीबाईंच्या आजीचं घर असं दोनदा हललेलं. दुसऱ्यांदा लॉरीवरून. सगळी गल्ली मदतीला आली, भिंतींवर खडूने खुणा केल्या, दुपारपर्यंत घर उतरवलं, संध्याकाळपर्यंत दुसरीकडे उभं, रम आणि मासे मदतीला आलेल्यांना. आजी लॉरीत बसल्या नाहीत. भिंतीवरचं घड्याळ छातीशी धरून मागनं चालत गेल्या, कारण ड्रायव्हरवर विश्वास नव्हता.

मी ऐकत होते आणि डोळ्यांपुढे आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाचा पडीक तुकडा येत होता. दिवाळी झाली की तिथे ऊसतोडीची टोळी उतरायची. बीडकडची माणसं. ट्रॅक्टरमधून भांडीकुंडी, पोरं, कोंबड्या, एखादी शेळी, बांबू. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर कोप्या उभ्या, बांबूच्या कामट्या वाकवून वरून चटई आणि पाचट, नंतर नंतर निळी ताडपत्री. वाकूनच आत जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत पहाटे तीनला उठून फडात. मार्च-एप्रिलला पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की कोप्या मोडायच्या, बांबू ट्रॅक्टरवर, आणि त्या जागी चुलीचे तीन काळे दगड. मी तिथे खेळायला जायचे. माझ्या वयाची एक मुलगी होती, तिला मी आईची जुनी पाटी दिली होती, पुढच्या वर्षी वेगळीच टोळी आली.

हे दोन्ही एकच आहे असं मी म्हणत नाहीये. गुलामगिरी ही गुलामगिरी होती, बीडच्या माणसाला कुणी विकत घेत नाही आणि त्याचं गावाकडे त्याच्या नावावर का होईना घर असतं. पण ऊस नावाचं पीक हातांची एक विचित्र मागणी करतं, हंगामात शेकडो हात चोवीस तास हाकेच्या अंतरावर पाहिजेत आणि हंगाम संपला की ते नकोत. ते हात जिथे राहतात ती जागा मालकाची. घर हलकं असलेलंच बरं, असं सगळ्यांनाच वाटतं, ते राहणाऱ्याला सोडून. आणि मालकाच्या बाजूला कोण होतं, तर आम्ही. माझं इंजिनिअरिंग त्या ऊसावर झालंय.

बार्बाडोसच्या लोकांनी मात्र त्या हलक्या घराचं पुढे काय केलं ते बघण्यासारखं आहे. १९०४ ते १९१४ पनामा कालवा खणला जात होता तेव्हा इथून हजारोंनी माणसं गेली, बरीच मेली, जी परत आली ती डॉलर घेऊन आली आणि त्या पैशातून जागांचे तुकडे विकत घेतले, तेही मोडकळीस आलेल्या मळ्यांचे. त्याला ‘पनामा मनी’ म्हणतात. पुढे १९५६ पासून लंडन ट्रान्सपोर्टने बस कंडक्टर नि स्टेशनवरचे कर्मचारी इथून थेट भरती करून नेले, त्यांचे पैसे आले. १९६६ ला स्वातंत्र्य. आणि १९८० ला सरकारने कायदा केला की मळ्याच्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहणाऱ्यांना ती जागा विकत घ्यायचा हक्क, चौरस फुटाला १० सेंट. दहा सेंट! आजीबाईंनी वडिलांची ती पावती फ्रेम करून लावलीय, देवाच्या फोटोच्या शेजारी. घर लाकडाचंच आहे पुढून, पण मागच्या बाजूला सिमेंटच्या विटांची भिंत. बाथरूम आणि किचन आधी पक्कं केलं म्हणे, कारण जागा नावावर झाली की माणूस पहिल्यांदा नळ घेतो.

ऊसाचं एक आणखी लफडं मला इथे येऊन उलगडलं. त्रिनिदाद, गयाना इथे आपली माणसं आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, गयानात २ लाख ३९ हजार आणि त्रिनिदादमध्ये १ लाख ४४ हजार गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, नेले, १९१७ पर्यंत. मग हे बार्बाडोस, एवढा ऊस, इथे का नाही आणले? तर गरज पडली नाही. त्या दोन ठिकाणी मोकळी जमीन पडून होती, सुटलेले गुलाम मळे सोडून तिकडे गेले, मजूर संपले. इथे जायला जागाच नव्हती, त्यामुळे तीच माणसं त्याच मळ्यावर राहिली. चॅटल हाऊस होतं म्हणून भोजपुरी आली नाही, असंही म्हणता येईल. इथले भारतीय नंतर आले, विसाव्या शतकात, बंगाली आणि सुरतेकडचे गुजराती मुसलमान, कापडाची गाठोडी घेऊन दारोदार उधारीवर विकायचे, आता ब्रिजटाऊनच्या स्वान स्ट्रीटवर दुकानं आहेत. मराठी? एका दुकानात मी विचारलं तर ते म्हणाले, गावसकर.

माणसं नाही आली तरी आपलं मुंगूस मात्र आलं. १८७२ ला कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली, ऊस कुरतडणाऱ्या उंदरांवर उपाय म्हणून, ती तिथे फोफावली, तिथून बाकीच्या बेटांवर, इथेही. उंदीर रात्री फिरतो आणि मुंगूस दिवसा, हे बहुतेक कुणी विचारलं नाही. त्याने पक्ष्यांची अंडी आणि कोंबड्या खाल्ल्या. आम्हाला सकाळी आडवं गेलं एक, मी सवयीने शुभशकुन धरला, आजीबाईंनी चप्पल फेकली.

आणि एक वस्तू आलीय, ती मला विसरता येत नाही. दक्षिणेला न्यूटन नावाचा मळा होता, तिथे गुलामांची दफनभूमी आहे, पाचशे सत्तरच्या आसपास माणसं पुरलेली, वर एकही दगड नाही, नुसता उताराचा गवताळ तुकडा. १९७० च्या दशकात तिथे उत्खनन झालं. एका म्हाताऱ्या पुरुषाच्या गळ्यात माळ सापडली, तिच्यात कुत्र्याचे दात, माशाचे मणके, कवड्या, काचेचे मणी आणि मधोमध एक मोठा लालसर अकीकाचा मणी. तो मणी बहुधा आपल्याकडचा, खंबातचा. खंबातहून अरबी व्यापाऱ्यांकडून आफ्रिकेत, तिथून कुणाच्या तरी हातात किंवा तोंडात लपवून या जहाजात, आणि मग या उसाच्या मळ्यात त्या माणसाच्या गळ्यात. तो वैदू-मांत्रिक असावा असं अभ्यासक म्हणतात. ज्याच्या मालकीचं स्वतःचं शरीरही नव्हतं त्याने हे जमवून ठेवलं होतं आणि ज्यांनी त्याला पुरलं त्यांनी ते काढून घेतलं नाही. ऊन फार होतं. नवरा, जो एरवी अशा जागी घड्याळ बघतो, टोपी काढून उभा होता.

त्याचे दिवस संध्याकाळी सुरू व्हायचे, रम शॉपमध्ये. रम शॉप म्हणजे गुत्ता नाही, आणि बारही नाही, टपरी, किराणा आणि चावडी एकत्र केली तर जे होईल ते. लाकडी खोली, बाहेर बाकं, डॉमिनोची सोंगटी टेबलावर अशी आपटतात की मी पहिल्यांदा दचकले. रम इथलीच, माउंट गेवाले १७०३ पासूनचा कागद दाखवतात. रम म्हणजे मळीच की शेवटी, साखर इंग्लंडला गेली, मळी इथे उरली. खायला मिठाच्या पावात दोन फिशकेक, किंवा कूकू, म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेली उकड, त्यावर उडत्या माशाचं कालवण. मला कूकू आवडलं, नवऱ्याला नाही. नीरफणसाची भाजलेली फोड दोघांनाही आवडली, कोकणातल्या माणसाला तर इथे उपाशी राहायची भीतीच नाही.

तिथे लंडनला तीस वर्षं बस चालवून परत आलेले एक आजोबा रोज असायचे. त्यांना १९७१ ची ब्रिजटाऊन टेस्ट पाठ होती. गावसकरचे नाबाद ११७ आम्हालाही माहीत होते, पण ते बोलत होते सरदेसाईंबद्दल. दिलीप सरदेसाई, आमच्या मडगावचे, १५० केले, आणि सोलकरबरोबर १८६ ची पार्टनरशिप. सोलकरचे वडील हिंदू जिमखान्याचे माळी होते, एका खोलीत राहायचे मैदानाच्या कडेला, हे नवऱ्याने सांगितलं. आजोबा म्हणाले, म्हणजे जागा क्लबची? हो. मग ते मान हलवून हसले आणि पुढची सोंगटी आपटली. १९६२ चं पण निघालं, नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला बॉल लागला तो चार्ली ग्रिफिथ इथून वरच्या सेंट लूसीचा, आणि कॉन्ट्रॅक्टरला रक्त दिलं त्यात फ्रँक वॉरेल होते आणि आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी. ही गोष्ट ते लोक अजून हळू आवाजात सांगतात.

ऊस आता किती उरलाय म्हणाल तर थोडा. पन्नासच्या दशकात बेटावर वर्षाला दोन लाख टनांच्या आसपास साखर व्हायची, आता दहा हजार टनांच्याही खाली आलीय. आमच्या भागातला एखादा मोठा कारखाना एवढी साखर दहा-बारा दिवसांत काढतो. युरोपने ठरलेला चांगला भाव देणं २००९ ला बंद केलं, आणि ऊसाच्या जागी व्हिला, गोल्फ. एकच कारखाना चालू आहे, पोर्टव्हेल. आम्ही गेलो तेव्हा गाळप चालू होतं. रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेली कांडी, आणि वळणावरच तो वास आला, मळीचा, आंबूस-गोड, नवऱ्याने नाक धरलं आणि मी गाडीची काच खाली केली. तोडायला माणसं जवळजवळ नाहीतच, हार्वेस्टर.

पट्टा पडला की इथे क्रॉप ओव्हर नावाचा सण. शेवटची ऊसाची गाडी सजवून आणायचे, आमच्याकडेही शेवटच्या ट्रॉलीला केळीचे खुंट बांधतात आणि हलगी लावतात. शिवाय इथे पाचटाचा एक बाहुला करायचे, ‘मिस्टर हार्डिंग’, आणि तो जाळायचे, म्हणजे आता कामाविना पोटाला चिमटा काढायचे महिने येणार, ते आधीच जाळून टाकू. ही पद्धत मधे बंद पडली होती, १९७४ ला परत सुरू केली, आता ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी पिसं लावून नाचतात आणि रिहानाही येते. ऊस संपत चालला आणि सुगीचा सण वाढतोय.

माहेरी आण्णांना व्हिडिओ कॉल लावला कारखान्याच्या बाहेरूनच. आमच्याकडे दुपार, तिकडे रात्रीचे साडेदहा. मला म्हणायचं होतं की १८८८ ला याच बेटावर बोव्हेल आणि हॅरिसन या दोघांनी दाखवलं की ऊसाच्या तुऱ्यातल्या बीपासून रोप येतं, तोवर सगळे कांडीच लावत होते, आणि म्हणून पुढे कोइमतूरला नव्या जाती काढता आल्या, म्हणजे तुमच्या रानातल्या को ८६०३२ चं आजोळ एका अर्थी हेच. त्यांनी कॅमेरा फिरवायला लावला, ऊस बघितला, म्हणाले बारीक आहे, पाणी कमी पडलंय, उतारा किती पडतोय म्हणाले?

मी म्हटलं, टोळी गेली का?

‘परवा गेली. पट्टा पडला की आपला.’

‘आण्णा, विहिरीच्या वरच्या अंगाला दोन पक्क्या खोल्या बांधून ठेवल्या तर? आणि एक संडास. दरवर्षी कुणी ना कुणी येतंच की.’

थोडा वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं नेट गेलं.

‘ते कारखान्यानं करायचं असतंय,’ म्हणाले. ‘आणि एकदा पक्कं बांधलं की उठंल का कोण?’ मग आईकडे फोन दिला.